कूलर दिसता कामा नये

एप्रिलातल्या एका सकाळी मी कार्यालयात खुर्चीला टेकतो न टेकतो तोच ताईचा फोन आला.

“भाऊ, पोट्टी परवा येऊन राहिली. आठवा संपत आला तिचा. कूलर झाडूनपुसून ठेवला, वाळ्याच्या नव्या ताट्या आणल्या. आता थो लावू कोठी, थे सांग.”

“मागच्या डक्टात. तिथं जागा सोडलीच आहे ना आम्ही.”

“समोर गॅलरीत नाई चालत?”

“ताई, अट आहे ती.”

“कोणाची अट?”

“माझीच,” असं म्हणून मी हसलो. मला वाटलं, तीही हसेल. ती म्हणाली, “बरं.”

माझी ताई भांडते तेव्हा भिण्यासारखं काही नसतं. ती ‘भैताड’ म्हणते, फोन आपटते आणि संध्याकाळी डब्यात भाजी पाठवते. पण ती नुसतं ‘बरं’ म्हणाली, की समजावं, आपण कुठंतरी शेण खाल्लं आहे आणि त्याची चव अजून जिभेपर्यंत पोचायची आहे. त्या सकाळी माझ्या हे ध्यानात आलं नाही. मी चहा मागवला.

भाची पहिल्या बाळंतपणाला माहेरी येत होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं इतकं ठरलेलं की त्याबद्दल कोणी बोलतही नाही. ताईची ही एकुलती एक लेक, दिलेली अंजनगाव सुर्जीला. सव्वा महिना लेकीला आणि लेकराला आपल्या घरी ठेवायचं, न्हाऊ-माखू घालायचं, आणि मग ओटी भरून सासरी पाठवायचं. यासाठी ताईनं दिवाळीपासून घरात डिंक, खारका, बाळंतशोपा जमवून ठेवल्या होत्या. आणि ते घर मी निवडून दिलेलं होतं.

मी नगररचना विभागात नोकरीला आहे. अमरावतीत कोणाला घर बांधायचं म्हटलं की नकाशा माझ्या टेबलावरून जातो. जागा किती सोडली, जिना किती रुंद, न्हाणीघराला खिडकी आहे का, हे बघायचं, हे माझं काम. हे काम करता करता मला एक व्यसन लागलं, चांगल्या घरांवर भाषण द्यायचं. शेंदूरजनाघाटला एकदा कोणाच्या तरी सत्काराला गेलो, तर तिथल्या संत्र्याच्या बागायतदारांना मी जिन्यातल्या उजेडाबद्दल ऐकवत राहिलो. बिचाऱ्यांनी शेवटी पोतंभर संत्री माझ्या गाडीत टाकली आणि मला गाडीत बसवून दार बाहेरून लावून टाकलं. मी स्वतः राहतो त्या घरात संडासाचं दार उघडलं की आतल्या माणसाच्या गुडघ्याला लागतं. पण ते घर जुनं आहे, आणि भाषणात त्याचा विषय निघत नाही.

या व्यसनाला खतपाणी मिळालं ते पुण्यात. घरबांधणीचा दर्जा नियोजनातून कसा सुधारावा, यावर तिथं प्रशिक्षण होतं. पडद्यावर एकापेक्षा एक इमारती. सरळ रेषा, झाडं, मोकळ्या गॅलऱ्या, एक वायर लोंबकळत नाही की एक डाग दिसत नाही. शिकवणारे सर फार सज्जन गृहस्थ. पुढं एकदा ते अमरावतीला आले, तेव्हा मी मोठ्या हौसेनं त्यांना गाडीतून शहर दाखवायला निघालो. एका वसाहतीतून जाताना त्यांनी काचेतून वर बघितलं आणि विचारलं, “ही खिडक्याखिडक्यांना लटकवलेली पत्र्याची खोकी कसली हो?”

“कूलर, सर.”

“असे बाहेर? सगळ्यांचेच?”

बस, एवढंच विचारलं त्यांनी. नाक मुरडलं नाही, काही नाही. पण मला मात्र भर मांडवात धोतर सुटल्यासारखं झालं. खरं म्हणजे मी जन्मलो अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पल्याड. तिथल्या गल्ल्यांतून मे महिन्यात चालायचं म्हणजे डोक्यावर कोणाकोणाच्या कूलरचं पाणी झेलत चालायचं, आणि त्यात कोणाला काही वाटत नसे. उलट थेंब पडला तर बरं वाटे. आमचा कूलर बाबांनी स्वतः लोखंडी घोडा ठोकून खिडकीत बसवला होता, आणि रोज संध्याकाळी टाकीत बादल्या ओतायची पाळी माझी आणि ताईची. मी सरांना म्हणायला हवं होतं, सर, मे महिन्यात या आणि गाडीतून जरा खाली उतरा. ते काही सुचलं नाही. मी म्हणालो, “हो ना सर, आपल्या लोकांना दृष्टीच नाही.”

शहराच्या कडेला तेव्हा एक मोठं गृहसंकुल उभं राहायचं होतं. बिल्डरला मंजुरीची घाई, मला नमुना उभा करायची घाई. दोघांचं छान जमलं. मी काही कामं बरी करून घेतली, हे खोटं नाही. प्रत्येक जिन्याला खिडकी, स्वयंपाकघरातून दिसेल अशी मुलांची खेळायची जागा, जुने कडुनिंब होते तिथंच राखले, आणि फाटकाशी एक लांबलचक ओटा. मग पुण्याचा पडदा आठवून मी समोरच्या सगळ्या गॅलऱ्यांना सिमेंटच्या उभ्या पट्ट्यांची नक्षी लावायला लावली. आणि अट घातली की दर्शनी बाजूस कूलर, एसीचा बाहेरचा डबा वा तत्सम कोणतीही वस्तू बसवता येणार नाही. तिच्याखाली उत्साहाच्या भरात आणखी एक वाक्य लिहिलं, जे सरकारी भाषेत बसत नाही, पण आमच्या वरच्या साहेबांनीही वाचून मान डोलावली: कूलर दिसता कामा नये.

कूलरची सोय मी केली होती. मागच्या बाजूला इमारतीच्या पोटात एक अरुंद उभी पोकळी असते, तिला आम्ही डक्ट म्हणतो. सगळ्या घरांच्या सांडपाण्याच्या नळ्या तिच्यातून उतरतात. तिथंच कूलरसाठी खिडकी दिली. कागदावर ती जागा फार सुरेख दिसत होती. नकाशाला वास येत नाही आणि घामही.

आमच्या कार्यालयात त्या संकुलाला सगळे नमुना म्हणू लागले. बाहेरगावचे अधिकारी बघायला यायचे, मी फिरवून दाखवायचो. पहिल्या उन्हाळ्यात दोन-तीन जणांनी समोर कूलर टांगले, तेव्हा कार्यालयातून नोटीस गेली आणि सोसायटीनं ते उतरवले. हे मी भाषणात ‘लोकसहभाग’ या मुद्द्याखाली सांगत असे.

तेवढ्यात भाऊजी निवृत्त झाले. ते अकोल्याला शाळेत चित्रकला शिकवायचे. जुन्या शहरातलं त्यांचं घर तीन खोल्यांचं, जिना उभा, ताईचे गुडघे दुखायचे. मी त्यांना माझ्या संकुलात आणलं. भाऊजी खाली उभे राहून बराच वेळ वर बघत राहिले आणि म्हणाले, “रेषा छान आहेत.” चित्रकलेच्या मास्तरानं एवढं म्हटल्यावर मला काय, आकाश ठेंगणं. त्यांनी अकोल्याचं घर विकलं आणि पावसाळा संपता संपता इथं राहायला आले. म्हणजे हा त्यांचा या घरातला पहिलाच उन्हाळा.

भाची आली त्या आठवड्यात मी भेटायला गेलो. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती, हातात वर्तमानपत्राचा पंखा. मागच्या खिडकीतून कूलर गरगरत होता. खोलीत शिरल्याबरोबर अंगाला काहीतरी चिकटलं. गारवा म्हणावा तर तो नव्हता. ओल्या फडक्यानं गुंडाळून ठेवल्यासारखी हवा. डक्टात बाहेरचं वारं येतच नाही, मग कूलर तीच दमट हवा घोटत बसतो. त्यात वाळ्याच्या सुगंधात आणखी काही सुगंध मिसळलेले.

“मामा,” भाची म्हणाली, “वरच्यायकडं आज मेथीची भाजी आहे. अन् खालच्यायकडं कोणाचं तरी पोट बिघडलं.”

“चूप वं,” ताई म्हणाली.

“काहून चूप? मामाले सांगू नाई तं कोणाले सांगू? मामा, सकायी तं इतकं बिघडलं होतं की मले वाटलं डॉक्टरले फोन करा.”

भाऊजी तोंडावर रुमाल धरून हसत होते. मीही हसलो. मग मी त्यांना हवेचा दाब, उलटा पंखा बसवला तर काय होईल, असं बरंच काही समजावून सांगितलं. एसीचं काय, असं विचारलं, तर भाऊजींनी सांगितलं, त्याचा डबाही डक्टातच बसवावा लागतो आणि तिथं तापून तो दुपारीच मान टाकतो. समोरच्या घरात प्रयोग झालेला आहे. ताई मधेच उठून आत गेली. तिनं मला कैरीचं पन्हं दिलं, आणि मी दोन पेले प्यालो.

पुढच्या आठवड्यात अकोल्याला माझं भाषण होतं. पडद्यावर मी माझ्या संकुलाच्या ओट्याचा फोटो दाखवला. संध्याकाळची वेळ, सगळी सोसायटी ओट्यावर बसलेली, बाया भाजी निवडतायत, म्हातारे गप्पा मारतायत. डाव्या कोपऱ्यात ताई पदरानं वारा घेतेय आणि तिच्या बाजूला पाय लांब करून भाची. मी म्हणालो, “मित्रहो, चांगलं घर माणसाला कोंडून ठेवत नाही. ते त्याला बाहेर काढतं, शेजाऱ्याशी बोलायला लावतं. ही आहे रचनेची ताकद.” टाळ्या पडल्या. तो फोटो मी ताईला आणि सोसायटीच्या ग्रुपवर पाठवला, खाली लिहिलं, ‘अकोल्यात गाजला!’ ताईनं नमस्काराचे हात पाठवले.

मे महिन्यात भाचीला मुलगी झाली. दवाखान्याची खोली गार होती, तिथं सगळं छान चाललं. मग ती घरी आली. मी बाळ बघायला गेलो तेव्हा ताईनं पलंगाभोवती ओल्या चादरी टांगल्या होत्या, फरशीवर पाणी मारलं होतं, आणि स्वतः बाजूला बसून विणलेल्या पंख्यानं एकसारखा वारा घालत होती. तिचा हात थांबला की लेकरू किरकिरायचं. तिचे डोळे खोल गेले होते. मी म्हटलं, “माह्याकडं घेऊन चाल तिले,” आणि म्हणता म्हणताच गप्प झालो, कारण माझ्याकडं कूलरची एकच खोली, आणि तिच्यात माझे सासरे गेल्या वर्षापासून अंथरुणाला खिळलेले. ताईला ते माहीत होतं. ती म्हणाली, “माहं घर असताना तुह्याकडं कायले?”

आणि मग लेकराला ताप आला. भाऊजींचा फोन आला तसा मी कार्यालयातून तडक दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं आणि आमच्याकडं वळून म्हणाल्या, “आजार काही नाही. हा ताप लेकराचा नाही, खोलीचा आहे. पाणी कमी पडलंय अंगात. गार, मोकळ्या हवेच्या खोलीत ठेवा, उतरेल. नाही ठेवलं तर मला भरती करून घ्यावं लागेल.” मग त्यांनी ताईला विचारलं, “कुठं राहता तुम्ही?” ताईनं संकुलाचं नाव सांगितलं. “अरे वा,” बाई म्हणाल्या, “ते तर फार छान बांधलंय म्हणे.” मी खिडकीबाहेर बघू लागलो.

सगळ्यांना घेऊन संकुलात परतल्यावर मी थेट सोसायटीच्या अध्यक्षांकडं गेलो. हे बँकेतून निवृत्त झालेले, तळमजल्यावर राहणारे, नियमाचे पक्के. रस्त्यात मी भाषण तयार केलं होतं आणि बसताक्षणी सुरू झालो. मानवतेच्या दृष्टीनं, एक विशेष बाब म्हणून, केवळ या बाळंतपणापुरतं, समोरच्या गॅलरीत कूलर लावायला सोसायटीनं हरकत घेऊ नये; नोटिशीचं मी बघून घेईन. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग पाण्याचा पेला पुढं सरकवला.

“साहेब, ताईले तं आमी कधीचंच म्हटलं, लावा म्हणून. पोरगी आली त्याच दिवशी म्हटलं. कोणी तक्रार करणार नाई, माहा शब्द.”

“मग?”

“थ्याच नाई म्हणाल्या. म्हणे, माह्या भावानं अट घातली अन् मीच पहिली मोडू? उद्या लोक त्याले तोंडावर बोलतील. खरं सांगू का? आमी सगळे त्यायचीच वाट पाहून राहिलो होतो. त्यायनं लावला असता तं आमीबी लावला असता. साहेबाच्या बहिणीले कोण नोटीस देते?”

मी पाणी प्यालो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “पण संध्याकाळी ओट्यावर तर सगळे छान बसलेले असता...”

“हाव ना! थो फोटो मस्त आला. ग्रुपवर पाह्यला सगळ्यायनं.” त्यांचा चेहरा खुलला. “अहो, आत बसवते का? खोलीत पाय ठेवला तं भट्टी. जेवणं होईपर्यंत ओट्यावर, अन् मग ओल्या चादरी घेऊन गच्चीवर. तुमी ओटा केला म्हणून बरं. नाईतं बसलो कोठी असतो?”

यात टोमणा असता तर मी निभावून नेला असता. टोमण्याला टोमणा देणं हा आमचा वऱ्हाडी धंदाच आहे. पण ते मनापासून आभार मानत होते. मी विचारलं, “हातोडा आहे का तुमच्याकडं?”

“हाये. कायले?”

“गॅलरीतल्या पट्ट्या तोडल्याशिवाय कूलर बसणार नाही.”

ते हातोडा घेऊन आले आणि तो माझ्या हातात देण्यापूर्वी त्यांनी विचारलं, “पण साहेब, दर्शनी बाजूचं काही तोडायचं तं तुमच्याकडून परवानगी घ्या लागते ना?” हेही त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

वर जाऊन मी ताईला काही विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती. मी सरळ गॅलरीत गेलो, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि हातोडा हाणला. सिमेंटच्या पट्टीला ओरखडाही आला नाही. बांधकामाच्या दर्जाबाबत मी फार कडक होतो ना. त्या पट्ट्यांचं मिश्रण मी जातीनं तपासून घेतलं होतं. दुपारचं ऊन, अंगावर घामाचे ओघळ, त्यावर सिमेंटची धूळ. भाऊजी पट्टी धरून उभे. “डावीकडून हाणा,” ते म्हणायचे, “रेषेत तुटली पाहिजे.” त्यांना तेव्हाही रेषेची काळजी.

पहिली पट्टी अर्धी तडकली आणि खाली फाटकातून एक गाडी आत आली. भाचीची सासू उतरली. तिला लेकराच्या तापाची खबर तिच्या मुलानं, म्हणजे आमच्या जावयांनी, दिली होती, आणि ती अंजनगावहून तशीच निघून आली होती. उतरल्या उतरल्या तिनं वर पाहिलं.

“मामा, काय करून राहिले हो?”

“कूलर लावून राहिलो.”

“आता?”

मी पुन्हा हातोडा उचलला. ती वर आली, हातपाय धुतले, लेकराच्या कपाळाला हात लावला आणि ताईच्या बाजूला बसली. मी हातोडा हातात घेऊन दारात उभा.

“विहीणबाई,” ती म्हणाली, “मी भांडाले नाई आली. पण लेकराले नेते मी. आमच्या इथं मोठा कूलर अंगणाकडच्या खिडकीत हाय, रात्री पांघरूण घ्या लागते.”

ताई लेकराला वारा घालत राहिली.

“पोरीलेबी नेते. अन् तुमालेबी नेते. बाळंतपण तुमच्याच हातचं. तुमचे लाडू, तुमची शेगडी, सगळं संग घ्या. घर तेवढं माहं.”

आमच्यात हे होत नाही. आई लेकीच्या सासरी जाऊन, विहिणीच्या चुलीवर लेकीचं बाळंतपण करत नाही. लोक काय काय अर्थ काढतील, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ती बाई इतक्या हळू बोलत होती. ताईनं मान वर केली. तिनं विहिणीकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. आता भैताड म्हणेल. मी वाटच पाहत होतो.

“तासाभरात लागते कूलर,” मी म्हणालो.

“लावा ना मामा,” विहीणबाई म्हणाली. “लावलेला कूलर काही वाया नाई जात.”

भाची म्हणाली, “आई, चाल ना वं. माह्याच्यानं नाई होत आता.” तिनं हे कूस वळवून, भिंतीकडं तोंड करून म्हटलं. तेव्हा ताई उठली. डिंकाच्या लाडवांचे डबे, शेक द्यायची शेगडी, मऊ धुतलेली जुनी लुगडी, तिनं दिवाळीपासून लावून ठेवलेलं सगळं फळीवरून खाली उतरलं आणि गाडीत जाऊन बसलं. दारातून निघताना लेकराच्या डोक्यावर कुंची नीट करत ती मला म्हणाली, “हातोडा सांभाय. पायावर पडेल.”

गाडी गेली. आम्ही दोघांनी पट्ट्या तोडल्या, घोडा ठोकला, कूलर चढवला, टाकी भरली. चालू केला तर खोली खरोखरच गार झाली, बघता बघता. पलंग रिकामा होता. ओल्या चादरी अजून टांगलेल्याच होत्या. भाऊजी पलंगाच्या कडेला बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, “अकोल्यासारखं वाटते.”

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संकुलाच्या समोरच्या बाजूला ठोकाठोकीचा एकच गजर. घराघरांतून झाकून ठेवलेले कूलर निघाले, निळे, पांढरे, गंजलेले, एकाला तर मागच्या निवडणुकीचं पोस्टर चिकटलेलं. पट्ट्या तुटून खाली पडत होत्या. मी गेलो तर एका बाईनं माझ्या हातावर पेढा ठेवला. “साहेबानं सुरुवात केली म्हणून झालं,” असं ती शेजारणीला सांगत होती. तो पेढा मी खाल्ला. नाही म्हणायचं कशाच्या जोरावर? आमच्या साहेबांनी कार्यालयात विचारलं, “तुमच्या नमुन्याचं काय झालं म्हणे?” नियमानं पाहिलं तर पट्ट्या तोडल्याची पहिली नोटीस भाऊजींच्या नावे काढायला हवी होती, माझ्या सहीनं.

मी अट रद्द करायचा प्रस्ताव लिहिला. नुसती रद्द नको, म्हणून पुढं हेही मांडलं, की यापुढं नकाशातच प्रत्येक घराला समोरून किंवा बाजूनं, जिथं वारं आहे तिथं, कूलरची पक्की बैठक दाखवली पाहिजे, वर ऊन अडवायला छज्जा, टाकीसाठी नळ, आणि सांडणारं पाणी झाडांना न्यायला नळी. चांगलं दिसणं आणि चांगलं राहणं ही दोन वेगळी खाती नाहीत, असं काहीबाही त्यात लिहिलं. मग ते वाक्य खोडलं, भाषणाचा वास येत होता. अट घालायला मला एक दुपार लागली होती. काढायला ती आता या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आहे, आणि प्रत्येक टेबलावर कोणीतरी विचारतं, “पण मुळात ही अट घातली कोणी?”

रविवारी मी त्यांना परत आणायला अंजनगावला गेलो. ताप उतरल्याचं फोनवर कळलं होतं. वलगाव मागं पडलं तसा मी मनात शब्द जुळवत होतो. ताई, कूलर लागला, घर गार झालं, उरलेलं बाळंतपण आपल्या घरी करू.

तिथं गेलो तर अंगणाकडच्या खोलीत लेकरू गाढ झोपलेलं, अंगावर पातळ पांघरूण. भाचीच्या गालावर रंग आला होता. मला बघून ती हसली आणि तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. कोणी एका शब्दानं काही म्हटलं नाही. विहीणबाईंनी पाट मांडला, रस-पोळी केली होती, आणि वाढायला ताई. परक्याच्या स्वयंपाकघरात ती मिठाचा डबा कुठं आहे हे विचारून घेत होती. भाचीचे सासरे माझ्या शेजारी जेवायला बसले. ते घरावर वरचा मजला चढवणार होते. “मामा,” ते म्हणाले, “तुमी यातले माहीतगार. जेवल्यावर नकाशा उलशीक पाहून द्या ना.” मी ताटाकडं बघून हो म्हणालो. ताईनं माझ्या वाटीत आणखी रस ओतला, मी नको म्हणत असताना.

जेवल्यावर मी तिला ओसरीत गाठलं आणि जुळवलेलं सगळं बोलून टाकलं.

“आता नाई रे,” ती म्हणाली. “आता लेकराले इथून उचललं तं यायले कसं वाटन? एवढं केलं त्यायनं. सव्वा महिना इथंच होईन आता.”

“ताई, तू तेव्हाच समोर लावला असता कूलर. अध्यक्ष हो म्हणत होते. काहून नाई लावला?”

तिनं पदरानं हात पुसले, आत एकदा डोकावून लेकरू झोपलं आहे ना ते पाहिलं, आणि मला गाडीपर्यंत सोडायला आली. मी गाडी चालू केली तेव्हा तिनं खिडकीत हात ठेवला. माझं तोंड पाहून तिला वाईट वाटलं असावं. ती माझी समजूत घालत होती.

“तू मनाले लावून घेऊ नको भाऊ. घर चांगलंच आहे थे. सगळे म्हणतात. फक्त उन्हायात राहाले जमत नाई.”